जुन्या गोमंतकीय घरातले गरम पाणी आणि ओल: कार्बन कमी करायचा तर आधी मोजा

युरोपातल्या जुन्या वास्तूंमध्ये ‘हीटिंग’ म्हणजे खोल्या उबदार ठेवणे. तिथे बॉयलर काढून हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारे यंत्र) बसवतात, रेडिएटरचे पाणी ७० अंशांवरून ४५-५० वर आणतात आणि खोलीखोलीत सेन्सर लावून रिकाम्या खोलीची ऊब बंद करतात. गोव्यात खोली तापवायची वेळ कुणावर येत नाही. तरीही इथल्या शंभर-दीडशे वर्षांच्या घरात उष्णतेवर बरीच ऊर्जा जाते. एक वाटा न्हाणीतल्या पाण्याचा. दुसरा वाटा सहसा हिशेबात येतच नाही: पावसाळ्यात कपडे, पोथ्या आणि कागदपत्रे बुरशीपासून वाचवण्यासाठी कपाटात रात्रंदिवस जळणारा बल्ब. इथे या दोन्हींचा विचार केला आहे. उदाहरण म्हणून सहा खोल्या पाहुण्यांना देणारे चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, घर घेतले आहे. चार माणसांच्या कुटुंबाला यातले आकडे साधारण एक तृतीयांश करून वापरता येतील.

हीट पंप बसवला की काम झाले, असा समज आहे. तो चुकीचा का, हे आकड्यांतच दिसते.

बारा पाहुणे, प्रत्येकी ६० लिटर, पाणी २७ अंशांवरून ४० अंशांवर. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६३ वॅट-तास लागतात. म्हणजे ७२० × १३ × १.१६३ = सुमारे १०,९०० वॅट-तास, म्हणजे ११ युनिट उष्णता रोज (एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास). आता हीच उष्णता चार मार्गांनी मिळवून पाहा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. गोव्यात मोठे वीजकेंद्र नाही. आपली वीज बाहेरून येते आणि तिच्यात कोळशाचा वाटा मोठा आहे.

सहा खोल्यांत सहा साठवण गिझर दिवसभर चालू ठेवले, तर ११ युनिट अधिक गिझरच्या अंगातून गळणारी उष्णता (जुन्या २५ लिटरच्या गिझरला रोज पाऊण ते एक युनिट) मिळून १६ युनिट होतात. म्हणजे ११ किलोच्या वर कार्बन. गॅसचा तत्काळ गिझर ८० टक्के कार्यक्षमतेने चालला, तर एक किलोपेक्षा थोडा जास्त एलपीजी लागतो, म्हणजे सव्वातीन किलो कार्बन. हीट पंप एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता देत असेल (या गुणोत्तराला सीओपी म्हणतात), तर टाकीतली गळती धरून ४ युनिट वीज आणि २.८ किलो कार्बन. आणि तोच हीट पंप पहाटेच्या गार हवेत, ६० अंशांवर, गरम पाणी सतत फिरवणाऱ्या नळजोडणीसह चालवला, तर सीओपी अडीचवर येतो, पाइपांत आणखी सात युनिट जातात आणि कार्बन सहा किलोपर्यंत चढतो. म्हणजे गॅसच्या जवळपास दुप्पट.

गिझरपेक्षा हीट पंप नेहमीच सरस ठरतो. गॅसपेक्षा सरस ठरायचा असेल तर तो कधी, किती अंशांवर आणि किती पाण्यासाठी चालतो यावर नजर हवी. सेन्सर, मीटर आणि नियंत्रक यांचे काम तेवढेच आहे. त्याहून जास्त काही त्यांच्याकडून अपेक्षू नका, आणि त्याहून कमी सामानात भागवूही नका.

आधी तीन आठवडे नुसते मोजा

काहीही विकत घेण्याआधी सध्याचा वापर मोजा. वितरण पेटीत डिन-रेलवर (आतल्या धातूच्या पट्टीवर) बसणारे, मॉडबस असलेले, म्हणजे आकडे वायरने संगणकाला पाठवू शकणारे ऊर्जामीटर लावा: एक मुख्य जोडणीला आणि एक गिझरच्या सर्किटना. जागा नसेल तर सीटी क्लॅम्प (वायरभोवती बसून प्रवाह मोजणारा चिमटा) वापरा. क्लॅम्प फक्त फेजच्या वायरभोवती बसवायचा असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यात अडकवले की वाचन शून्य येते, आणि लोक मीटर बिघडला म्हणून परत पाठवतात. वाचन उणे आले तर क्लॅम्प उलटा बसला आहे, बाण भाराच्या दिशेने करा.

पाण्यासाठी गरम लाइनवर पल्स देणारा पाणीमीटर (एक लिटरला एक पल्स पुरे), आणि गार-गरम दोन्ही पाइपांवर तापमान सेन्सर. डीएस१८बी२० हा स्वस्त सेन्सर चालतो. त्याची अचूकता अर्ध्या अंशाची आहे, आणि डेटा वायरला ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर लागतो. लावण्याआधी दोन्ही सेन्सर एकाच बादलीत दहा मिनिटे बुडवून ठेवा, वाचनातला फरक लिहून ठेवा आणि पुढे तो वजा करा. पाइपवर लावताना थर्मल पेस्ट, वर घट्ट पट्टी आणि त्यावर फोमचे वेष्टन. वेष्टन नसले तर सेन्सर पाण्याऐवजी न्हाणीतल्या हवेचे तापमान सांगत बसतो.

मग हिशेब सोपा: लिटर × तापमानातला फरक × ०.००११६३ = युनिट उष्णता.

तीन आठवड्यांत एखादा सण यायला हवा. चवथीला किंवा गावच्या फेस्ताला मुंबई-पुण्याची, परदेशातली माणसे घरी येतात आणि नेहमी चार माणसांचे असलेले घर पाच दिवस वीस जणांचे होते. टाकीचा आकार त्या पाच दिवसांवरून ठरवू नका, पण ते दिवस कसे निभावायचे ते आताच ठरवा. दोन जुने गिझर जोडून, एरवी बंद ठेवणे हा चांगला उपाय आहे.

टाकी मोठी, पंप लहान

विक्रेता बहुधा उलटे सुचवतो. मोठा पंप आणि लहान टाकी घेतली की पाणी ‘लगेच’ मिळते, पण मग पंप पहाटे साडेसहाला, नेमका हवा गार असताना, चालतो.

आपल्या उदाहरणात ४० अंशांचे ७२० लिटर पाणी म्हणजे ५५ अंशांचे सुमारे ३३५ लिटर, बाकी गार पाणी मिसळते. ४०० लिटरची टाकी दुपारी एकदा भरून तापवली की संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ निघते. त्या टाकीला २७ वरून ५५ वर न्यायला १३ युनिट उष्णता लागते. दुपारचे पाच तास हाताशी असले, तर ३ किलोवॅट उष्णतेचा पंप पुरतो, आणि तो जेमतेम ०.८ किलोवॅट वीज ओढतो. सहा गिझर एकदम लागले की १२ किलोवॅट. जुन्या घराच्या वायरिंगला आणि मंजूर भाराला हा फरक फार मोठा आहे. लाकडी बॅटनवरची रबरी वेष्टनाची वायर अजून कुठे उरली असेल तर ती आधी काढा, अर्थिंग तपासा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच जोडणी तोडणारा स्विच) बसवा. कोरड्या जांभ्यात अर्थिंगचा रोध बराच चढतो, म्हणून अर्थिंगची तपासणी पावसाळ्यात नाही, एप्रिल-मेमध्ये करायची.

भरलेली टाकी अर्ध्या टनाच्या आसपास जाते. ती लाकडी माळ्यावर ठेवू नका, कितीही सोयीचे वाटले तरी. मागच्या अंगणाकडची पडवी, जुने कोठार, रिकामा गोठा या जागा बऱ्या. पंप चिऱ्याच्या भिंतीला ब्रॅकेट ठोकून टांगायचा नाही. कंपनाने चुन्याचे सांधे सुटतात आणि आवाज भिंतीतून शेजारच्या खोलीत घुमतो. जमिनीवर फरशीचा चौथरा, त्यावर रबरी पॅड, त्यावर पंप.

जागेचा एक फायदा गोव्यात सहज घेता येतो आणि तरी तो दुर्लक्षित राहतो. हीट पंप हवेतून उष्णता ओढतो, म्हणजे मागे गार आणि कोरडी हवा सोडतो. पंप कोठारात असला, तर पावसाळ्यात तीच हवा कोठार कोरडे ठेवते. आपल्या उदाहरणातला पंप रोज दहा युनिटच्या आसपास उष्णता हवेतून घेतो आणि आषाढात चार-पाच लिटर पाणी गाळून काढतो. खोली लहान असेल तर तिची हवा लवकर गार होऊन सीओपी पडतो. निदान २० ते २५ घनमीटर जागा हवी, नाहीतर हवेचा डक्ट बाहेर काढावा. गळणारे पाणी पाइपने गटारापर्यंत न्या. ते जोत्याशी टपकत राहिले तर चुना ते शोषून घेतो, आणि वर्षभरात भिंतीच्या तळाला मिठाचा पांढरा थर दिसू लागतो.

किनाऱ्यालगतच्या गावात कॉइलला खारी हवा खाते. लेप दिलेली कॉइल मागा, आणि दर महिन्याला गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे टाकीला गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड भराभर झिजतो. पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी उघडून बघा.

पंपात फिरणारा वायू, म्हणजे शीतक, कोणता आहे हेही विचारा. आर-१३४ए एक किलो हवेत गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० किलोइतका तापमानवाढीचा परिणाम होतो. एका गळतीत गिझरच्या तुलनेतली जवळपास अर्ध्या वर्षाची कमाई जाते. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा परिणाम नगण्य, पण तो पेटतो. तो असलेला पंप चूल किंवा भाण (अंघोळीचे पाणी तापवायचे मोठे भांडे) पेटते त्या खोलीत ठेवू नये.

पाइप

वीस मीटर लांबीच्या पाइपात चार लिटर पाणी असते. मागच्या पडवीतून पुढच्या खोलीपर्यंत गरम पाणी पोचेस्तोवर ते चार लिटर वाया जाते, म्हणून अनेकजण फिरती लाइन टाकतात. इन्सुलेशन असलेल्या पाइपातूनसुद्धा मीटरमागे सात-आठ वॅट जातात. जाऊन-येऊन ४० मीटर, दिवसभर: सात युनिट. पाहुण्यांना लागणाऱ्या एकूण उष्णतेच्या निम्म्याहून जास्त. फिरती लाइन टाकायचीच असेल तर न्हाणीत बटण लावा. बटण दाबल्यावर पाणी फिरवणारा छोटा पंप दोन मिनिटे चालावा आणि परतीच्या पाइपावरचा सेन्सर ३८ अंश दाखवताच थांबावा. याहून चांगले म्हणजे टाकी घराच्या मध्याजवळ, राजांगणाच्या (आतल्या चौकाच्या) मागच्या बाजूला ठेवणे.

भिंतीला किती हात लावायचा

चिरा मऊ असतो आणि त्यात भोक पाडणे सोपे असते. धोका त्यातच आहे. खिळा, क्लिप, बॉक्स, जे काही लावायचे ते चिऱ्याच्या अंगात नाही, चुन्याच्या सांध्यात लावा. पुढे काढले तर तो सांधा चुन्याने भरता येतो. भोक बुजवायला सिमेंट वापरू नका. सिमेंट ओल अडवतो, आणि अडलेली ओल बाजूच्या चिऱ्यातून बाहेर पडताना त्याचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सोडवते. वायर नेण्याचे सर्वांत चांगले मार्ग घरात आधीच असतात: भिंतीवरच्या लाकडी तुळईची मागची बाजू, छताखालची पोकळी, दरवाजाच्या चौकटीची फट, जुन्या वायरिंगची बॅटन.

४५ ते ६० सेंटिमीटर जाडीच्या, त्यातही पावसाळ्यात भिजलेल्या भिंतीतून वायफाय नीट जात नाही. दोन भिंती पार करायच्या तर सेन्सर दिवसातून दहा वेळा गायब होतो. पक्क्या जागांसाठी आरएस-४८५ची (मॉडबस मीटरांचे आकडे नेणारी) पिळाची, आवरण असलेली एकच वायर घरभर फिरवा. फांद्या नको, एका मीटरवरून पुढच्या मीटरवर अशी साखळी. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर. सगळी उपकरणे एकाच वेगावर (९६०० ठीक आहे) आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा. काहीच बोलत नसेल तर प्रथम ए आणि बी वायर अदलाबदल करून पाहा, निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. लांबच्या गोठ्यात किंवा विहिरीवर लोरा (दूरवर पोचणारा, कमी विजेचा रेडिओ) सेन्सर लावा. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी विनापरवाना खुला आहे.

नियंत्रकाला द्यायचे नियम

छोटा संगणक (रास्पबेरी पाय किंवा तत्सम) आणि त्यावर होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर पुरते. सगळे घरातच चालावे. पावसाळ्यात इंटरनेट दोन दिवस गेले तरी पाणी तापले पाहिजे. टाकीवर दोन सेन्सर: एक तळापासून एक तृतीयांश उंचीवर, दुसरा माथ्याजवळ. एकच सेन्सर मधोमध लावला तर वर गरम पाणी शिल्लक असताना पंप उगाच सुरू होतो, किंवा वर संपले तरी कळत नाही.

नियम थोडे ठेवा:

१. सकाळी साडेदहा ते दुपारी साडेतीन: खालचा सेन्सर ४९ अंशांखाली असेल तर पंप सुरू, ५५ ला बंद.

२. इतर वेळी: माथ्याचा सेन्सर ४३ अंशांखाली गेला तरच पंप सुरू, ४८ ला बंद.

३. आठवड्यातून एकदा, दुपारी, संपूर्ण टाकी ६० अंशांवर. लिजिओनेला जिवाणू कोमट साठवणीत वाढतात, म्हणून हा नियम वगळायचा नाही. बराच काळ रिकामे असलेले घर उघडताना पाहुणे येण्याआधी हेच करून प्रत्येक नळ तीन मिनिटे सोडा.

४. पंप एकदा सुरू झाला की निदान दहा मिनिटे चालावा, आणि बंद झाल्यावर पाच मिनिटे पुन्हा सुरू होऊ नये.

टाकीतून बाहेर पडणाऱ्या लाइनवर ४२-४५ अंशांना बांधलेला मिश्रण-व्हॉल्व्ह बसवा. तो सॉफ्टवेअरवर अवलंबून नसावा. लहान मूल भाजण्याचा प्रश्न आहे.

दुपार का, याची कारणे वेगवेगळी आहेत. जानेवारीत पहाटे हवा १९-२० अंशांची आणि दुपारी ३२ ची असते, तोच पंप दुपारी ठळकपणे जास्त सीओपी देतो. ग्रिडमध्ये सौर वीज दुपारी असते. पहाटे आणि संध्याकाळी गावाच्या फीडरवर ताण असतो. काही जोडण्यांना वेळेनुसार दर लागू झाले आहेत, आपले बिल पाहून नियमातल्या वेळा त्यानुसार सरकवा.

नियंत्रकाने पंपाची वीज कॉन्टॅक्टरने (मोठ्या विद्युत स्विचने) तोडू नये. चालू कंप्रेसरची वीज मध्येच तोडली की तेल आणि दाब यांचा घोटाळा होतो, आणि वर्ष-दोन वर्षांत कंप्रेसर जातो. पंपाला ‘रिमोट चालू-बंद’ असे दोन टर्मिनल असतात, तिथे रिलेचा ड्राय कॉन्टॅक्ट (स्वतःची वीज नसलेला, नुसता उघडझाप करणारा संपर्क) जोडा. पंपाचा स्वतःचा थर्मोस्टॅट वरच्या नियमांतल्या ६० अंशांपर्यंत जाऊ देईल असा लावून ठेवा आणि रिले असा जोडा की नियंत्रक मेला तर पंप आपोआप त्या थर्मोस्टॅटवर चालेल. ही व्यवस्था बसवल्याच्या दिवशीच नियंत्रकाचा प्लग काढून तपासा.

पावसाळ्यात काय बिघडते

वीज जाऊन येते, इंटरनेट नसते, आणि छोट्या संगणकाचे घड्याळ मागे राहते. दुपारचा नियम मग रात्री चालतो. बॅटरीवर चालणारे घड्याळ-मॉड्यूल, डीएस३२३१, बसवले की हा दोष संपतो. वारंवार वीज जाण्याने मेमरी कार्डही खराब होते. एसएसडी वापरा आणि छोटा यूपीएस द्या.

लाइनच्या टोकाच्या घरांत व्होल्टेज १८० पर्यंत उतरते. कंप्रेसर गुरगुरतो, सुरू होत नाही, तापतो. १९५ च्या खाली आणि २६० च्या वर तोडणारा, परत जोडायला तीन मिनिटे थांबणारा व्होल्टेज रिले लावा. मृगाआधीच्या आणि ऑक्टोबरच्या विजांसाठी मुख्य पेटीत सर्ज प्रोटेक्टर, आणि बाहेर जाणाऱ्या आरएस-४८५ वायरलाही वेगळा. हा दुसरा विसरला की वीज शेजारच्या माडावर पडली तरी सगळी मीटर एका झटक्यात जातात.

मुंग्या रिले आणि कॉन्टॅक्टरच्या जिभांमध्ये घर करतात, पाली पेटीत शिरून फेज-न्यूट्रल जोडतात. वायर खालूनच पेटीत घ्या, ग्लँड घट्ट करा, न वापरलेली भोके बुजवा. पेटीत दमट हवा साचून पाणी धरते, म्हणून तळाशी जाळीचा बारीक ड्रेन हवा.

धूर बंद केल्यावर छताकडे लक्ष द्या

अनेक घरांत अजून न्हाणीत तांब्याचे भाण चिणलेले असते आणि त्याखाली नारळाची सोडणे (सोललेली सालपटे), करवंट्या, चुडते (सुक्या झावळ्या) जळतात. स्वतःच्या बागेतला हा जाळ कार्बनच्या हिशेबात गिझरपेक्षा वाईट नाही. वाईट आहे तो धूर, आणि तो जी बाई रोज पहाटे जाळ घालते तिच्या छातीत जातो. म्हणून भाण बंद करणे योग्यच. पण भाण काढून टाकू नका, ते घराचा भाग आहे.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या धुराने आणि उबेने वरचे वासे आणि रिपा वर्षानुवर्षे कोरडे राहिले, किडीपासून वाचले. जाळ थांबला की पहिल्याच पावसाळ्यात तिथले लाकूड ओल धरते. दोन पिनांच्या मीटरने जूनपासून ऑक्टोबरपर्यंत महिन्यातून एकदा त्याच चार जागी लाकडाची ओल मोजा. १८ टक्क्यांच्या आत ठीक. २० च्या वर टिकून राहिली, तर आधी फुटलेली आणि सरकलेली कौले शोधा, मग त्या भागात वारा खेळवा. पंपाच्या गार कोरड्या हवेचा डक्ट तिकडे वळवता येत असेल तर तेही करा.

कपाटातला बल्ब

४० वॅटचा बल्ब दिवसभर जळला की एक युनिट. आठ कपाटे, पावसाचे चार महिने: साडेनऊशेच्या आसपास युनिट, साडेसहाशे किलो कार्बन. कल्पना मात्र बरोबर आहे. हवा एक अंशाने तापली की तिची सापेक्ष आर्द्रता पाच टक्क्यांनी उतरते. ८५ टक्क्यांवरची हवा दोन अंशांनी तापवली तर ७५-७६ वर येते. बुरशी ७५-८० च्या वर फोफावते. ब्रिटनमधले नॅशनल ट्रस्ट आपल्या जुन्या वाड्यांत हेच करते: खोलीची ऊब तापमान बघून नव्हे, तर आर्द्रता बघून चालवते.

म्हणून बल्बच्या जागी १५-२० वॅटचा कपाट-हीटर आणि आर्द्रता सेन्सर (एसएचटी३१ सारखा) लावा: ७० टक्क्यांना चालू, ६५ ला बंद. सेन्सर हीटरच्या वर नाही, तर विरुद्ध कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूच्या फळीवर. ओल तिथेच आधी येते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. नुसत्या एवढ्याने हीटरचा वेळ बराच घटतो. हीटरला वेगळा तापमान-फ्यूज हवाच. आत कपडे आणि कागद आहेत.

सबंध खोली कोरडी करायची असेल तर डिह्युमिडिफायर लावा, पण ६० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. पिढ्यान् पिढ्या दमट हवेत राहिलेले शिसवी फर्निचर आणि देव्हारे झटकन ५० वर आणले की जोड सुटतात आणि रंगाचे पापुद्रे निघतात. आठवड्याला दोन-तीन टक्के इतक्या संथपणे उतरवा.

खिडक्या उघडायच्या की बंद ठेवायच्या, हे सेन्सर चांगले सांगतात. आतला आणि बाहेरचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचे पाणी होते तो अंश) ताडून पाहा. ५० टक्क्यांवरच्या आर्द्रतेसाठी ढोबळ सूत्र: तापमान वजा (१०० वजा आर्द्रता) भागिले ५. बाहेर २८ अंश, ९० टक्के म्हणजे २६. आत २७ अंश, ८० टक्के म्हणजे २३. खिडकी उघडली तर ओल आत येईल, पाऊस थांबला असला आणि बाहेर ‘मोकळे’ वाटले तरी. बाहेर ३१ अंश, ५५ टक्के म्हणजे २२. तेव्हा सगळे दरवाजे सताड उघडा. फलकावर हिरवा आणि लाल असे दोन दिवे पुरेत, घरातल्या वडीलधाऱ्यांना आकडे वाचायला लावू नका.

छत, परवानगी, हिशेब

तीन किलोवॅटच्या सौर पॅनेलना १५ चौरस मीटरच्या आसपास जागा लागते. मंगळुरी कौलांच्या मुख्य छतावर ती बसवू नयेत असे आमचे मत आहे. वासे त्या भारासाठी नाहीत, वाऱ्याचा उपसा वेगळाच, आणि दुरुस्तीला चढणाऱ्याच्या पायाखाली कौले फुटतात. मागच्या स्लॅबच्या खोलीवर, गाडीच्या शेडवर किंवा परसात सांगाड्यावर बसवा. एक किलोवॅटला वर्षभराची सरासरी रोज ४ युनिट, आषाढ-श्रावणात त्याच्या निम्म्यापर्यंत. घरगुती जोडणीला पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे.

पणजीतल्या फोंतायनाससारख्या संवर्धन क्षेत्रात रस्त्यावरून दिसणारे काहीही बदलण्याआधी नगरनियोजन खात्याकडे विचारणा करा. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई आहे आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. जुने गोवे येथे घर असेल तर पंपाचा चौथरासुद्धा आधी विचारूनच.

हिशेबाची वही आठवड्याला एकदा भरा: पंपाची वीज, दिलेली उष्णता, दोहोंचे गुणोत्तर. तीनच्या खाली आले तर क्रमाने पाहा: कॉइल घाण आहे का, पंप रात्री चालला का, फिरती लाइन अडकून सुरू राहिली का, नळ गळतो का. छतावरची वीज नेटमीटरने बाहेर जातच होती, ती पंपाला वापरली म्हणून शून्य कार्बन असे लिहू नका. एकच युनिट दोनदा मोजले जाते.

शेवटी, संपूर्ण जोडणीचा आराखडा, उपकरणांचे पत्ते, नियम आणि ‘नियंत्रक बंद पडला तर कोणता स्विच टाकायचा’ हे मराठीत एका कागदावर लिहून, लॅमिनेट करून, वितरण पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. चवथीच्या पहाटे गावातला जो वायरमन येईल, त्याला तेवढ्यावर काम करता आले पाहिजे.